पाण्याची ओळ

आमच्या शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या आम्ही बारा-तेरा जणी. सोललेली कोळंबी बर्फात जाते, टरफलं पाटीत. पूर्वी ती खाडीच्या काठी ओतायचे आणि कावळे-कुत्री माजायची. आता गावात छोटा कारखाना असलेल्या मॅडम ती नेतात. धुऊन, वाळवून, काय काय करून त्यांचं एक पांढुरकं औषध बनतं, ते घाटावरच्या शेतांत फवारतात. शेडमधल्या बाया मला सारख्या विचारतात, "आपली टरफलं थंय जावन करतत तरी काय?" घाट चढून ते बघून आलेली मी एकटीच. तोंडी सांगताना मी घाई करते आणि निम्मं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. मी आठवीतून शाळा सोडली आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

खरं तर जायचं होतं मॅडमच्या हाताखालच्या बी.एस्सी. झालेल्या मुलाने. त्याला दुसरीकडे नोकरी लागली. मॅडम मला म्हणाल्या, "तुझं वहीतलं अक्षर स्वच्छ आहे. सांगितलंय तेवढंच करतेस. तू जा." काम असं होतं: शिरूर तालुक्यात कवठे येमाईला आणि दौंड तालुक्यात राहूला टोमॅटोचे दोन प्लॉट. प्रत्येक ठिकाणी काही ओळींवर औषध मारायचं, एका ओळीवर नुसतं पाणी. चार दिवसांनी दोन्हींची पानं खुडून बर्फात घालून पुण्याच्या लॅबला द्यायची. औषध खरंच काही करतं हे लॅबच्या कागदावर आलं, तर मोठा खरेदीदार माल घेणार होता. नाही आलं, तर मॅडम औषध बनवणं बंद करणार आणि टरफलं पुन्हा खाडीवर.

निघताना आई म्हणाली, "तुझो बावटो कायम वयर. जरा खाली घे." वादळाची खबर आली की बंदरात बावटा चढतो आणि सगळे होड्या वर ओढतात, तसं माझं मन कायम होड्या ओढत असतं, असं तिचं म्हणणं.

कवठे येमाई

एसटीतून उतरले तेव्हा पहिली जाणवली ती शांतता. आमच्याकडे समुद्र दिवसरात्र मागे बोलत असतो. इथे बोलणारं कोणी नव्हतं. उघडे डोंगर, कांद्याच्या लांबलचक चाळी, आणि मध्येच ठिबकवर हिरवेगार टोमॅटो, बांबूला आणि तारेला सुतळीने बांधून उभे केलेले. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी ओठ फुटले.

प्लॉट होता आबांचा. आबा पासष्टीचे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांची बायको आक्का. कमरेत जरा वाकलेली, पण जिभेने ताठ. मला त्यांनी वस्तीवरची पुढची खोली दिली. मी औषधाचा डबा उघडला तसं मांजर येऊन डब्याभोवती फिरायला लागलं. आबांनी विचारलं, "कशाचं म्हणायचं हे?"

माळकरी घर. खोटं बोलायचं तर तेही जमेना. म्हटलं, "कोळंबीच्या टरफलांचं, आबा."

आक्का चुलीपुढून म्हणाली, "बसा आता. बाटलं सगळं रान."

आबांनी टोमॅटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टोमॅटोनं कुठं माळ घातलीया? मार तू पोरी."

सकाळी दहिवर वाळल्यावर फवारणी केली. औषधाच्या दोन ओळींना लाल फिती, मधल्या पाण्याच्या ओळीला पांढरी. उरलेलं औषध दुसऱ्या फवारणीसाठी डब्यात ठेवायचं होतं. डबा कुलपात ठेवावा असं मनात आलं. पण ज्यांनी राहायला खोली दिली त्यांच्यासमोर कुलूप कसं काढायचं? डबा पडवीत ठेवला. "पांढऱ्या ओळीला काही मारू नका," एवढंच सांगितलं. "का?" असं त्यांनी विचारलं नाही. मॅडमनी पाठवलेलं माणूस म्हणून मान दिला असेल. मला सुटल्यासारखं झालं, कारण का ते मला माहीत होतं, पण सांगायला गेले तर चुकेन याची भीती होती.

त्याच दुपारी शेजारच्या वस्तीवर नव्या घराचं जेवण होतं. आक्का मला ओढून घेऊन गेली. ओळखीचं कोणी नाही, म्हणून मी पंगतीच्या अगदी टोकाला बसले. पुढे भात आला, वर आमटी यायची तर वाढपी आमच्या चार पानांआधीच मागे वळला आणि वरच्या अंगाला दुसऱ्यांदा वाढू लागला. मी कोरडा भात कालवत बसले. तेवढ्यात आक्काचा आवाज आला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"आरं ए, डोळं हायत का बटाटं? शेवटच्या पानाला पडल्याबिगर वरच्याला दुसऱ्यांदा वाढायचं कुठं शिकलास? पंगत एक, मग आमटी दोन कशा?"

वाढपी धावत आला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पानाकडे. आमटी तिखटजाळ होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. घरापासून इतक्या लांब माझ्या पानाकडे कोणाचं तरी लक्ष होतं. हे उपकार मी विसरणार नाही, असं तिथेच ठरवलं. पुढे जे झालं ते याच उपकारातून झालं.

राहू

राहूला गेले आणि मुलूखच बदलला. ऊसच ऊस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखा. गुऱ्हाळांचा गोड, जळका वास कपड्यांना चिकटायचा. इथला प्लॉट सलमाभाभींचा. त्यांचे मालक फवारणीचे पंप दुरुस्त करतात, दिवसभर दुकानात. शेत भाभीच बघतात. माझी खोली शेताच्या कडेला होती, भाभींचं घर गावात. चार दिवस मी तिथे जवळजवळ एकटी. संध्याकाळी उसाची पाती वाऱ्याने वाजायची, आणि डोळे मिटले तर क्षणभर लाटा वाटायच्या. मग मोटार सुरू व्हायची आणि लाटा बंद.

आईचा फोन यायचा. "जेवलंस?"

"जेवलंय."

"मासे गावतत थंय?"

"नाय गो."

"मगे काय खातंस?"

"बाजरेची भाकरी."

"अरे देवा, इस्पितळात असस काय गो?" आई म्हणायची.

भाभींचा स्वभाव आक्काच्या उलटा. मी पांढरी फीत बांधायला घेतली तशा म्हणाल्या, "थांबा ताई. ही ओळ काय गुन्हेगार हाय का? हिला पाणीच का?"

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमनी सांगितलं व्हय, पण का सांगितलं? माझं रान हाय. मला कळलं पायजे."

सुटका नव्हती. मग मी बांधावर बसून, अडखळत, मॅडमनी मला सांगितलं होतं तसं सांगितलं. करपा म्हणजे बुरशी. बुरशीच्या अंगावर जे कवच असतं ते आणि कोळंबीचं टरफल, दोन्ही एकाच जातीच्या मालाचं. झाडाला डोळे नाहीत, पण त्याच्या पानातल्या बारीक बारीक पेशी त्या मालाचा तुकडा लागला की ओळखतात. त्यांना वाटतं, आली बुरशी. लगेच पेशी प्रथिनं बनवायला लागतात. डाळीत असतात ती खायची वेगळी, ही राखणीची. काही प्रथिनं बुरशीचं कवच कुरतडतात, काही तिची वाढ अडवतात. पेशी आपली भिंतही जाड करतात, आणि खबर वरच्या पानांनाही पोचते. प्रत्यक्षात बुरशी आलेलीच नसते. आपण फक्त तिच्या अंगरख्याची चिंधी दाखवलेली असते.

"म्हंजी औषध बुरशीला मारत न्हाई? झाडच मारतं?"

"हो. आपण फक्त जागं करतो."

"आन् ही पाण्याची ओळ?"

"तिला जागं करायचं नाही. दोन्हींतली प्रथिनं मोजली की कळतं, जागं केल्याने फरक पडला का. ती नसेल तर कशाशी ताडून बघणार?"

भाभींनी जरा विचार केला. "मग असं सांगा ना. मी तर म्हणत हुते, उगं छळताय बिचारीला." त्यांनी स्वतः पांढऱ्या फितीला आणखी एक गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. "मासे खाता ना? भीमेचा चिलापी हाय." चिंचेच्या रश्श्यात केला होता. खरं सांगायचं तर त्याला मातीचा वास येत होता, आणि आमच्याकडे कोणी असा मासा शेजाऱ्यालाही दिला नसता. पण काटा तो काटा. तोंडातून काटा काढताना मला इतकं घरी गेल्यासारखं वाटलं की मी भाभींकडे पाठ करून जेवले. त्यांनी काही विचारलं नाही. एरवी प्रत्येक गोष्टीचं 'का' विचारणाऱ्या त्या, पण तेव्हा नाही.

चौथ्या दिवशी पानं खुडली. शेंड्यापासून तिसरं पान, हातमोजे घालून, चांदीच्या कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून थर्माकोलच्या पेटीत. भाभींच्या फ्रिजमधला सगळा बर्फ मी नेला.

तिथून कवठ्याला परत. तिथलीही पानं तशीच खुडली, लाल वेगळी, पांढरी वेगळी. पेटी रात्रभर आक्काच्या फ्रिजच्या वरच्या खणात बसली. सकाळी मी ती मांडीवर घेऊन निघाले. पुण्याहून लॅबची गाडी कोरेगाव भीमाला येणार होती.

कोरेगाव भीमा

हायवेच्या कडेला एका रसवंतीसमोर मी उभी होते. समोरून कंपन्यांच्या बस, कंटेनर, ट्रक. धुरळ्याने पेटीचा पांढरा रंग गेला. कंपनीच्या गणवेशातला एक माणूस बसची वाट बघत बाकावर बसला होता. त्याने पेटीकडे बघून विचारलं, "दीदी, मछली है क्या?"

"नहीं, पत्ते हैं." माझं हिंदी एवढंच.

"पत्ते? बर्फ में?" तो हसला. "घर कहाँ है आपका?"

"समुंदर के पास."

"हमारा गंगाजी के पास," तो म्हणाला. आम्ही दोघं थोडा वेळ ट्रक बघत राहिलो.

तेवढ्यात आक्काचा फोन आला.

"आगं पोचलीस का?"

"पोचले, आक्का. गाडीची वाट बघतेय."

"बरं. त्यो पांढरा डबा धुऊन ठिवलाय बघ. तुला पुन्हा लागंल."

"धुतला? त्यात औषध होतं ना आक्का?"

"हुतं की. तू राहूला गेलीस त्याच दिशी दिलं. त्या मधल्या ओळीला. दोन्ही अंगाच्या ओळी खाऊनपिऊन, आन् ती आपली नुसत्या पाण्यावर. डोळ्याला बघवंना बाई. म्हटलं, पंगत एक तर..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. ट्रकचा आवाज होता की माझ्या कानातला, माहीत नाही.

पेटीत कवठ्याची पांढऱ्या चिठ्ठीची पानं होती, आणि ती पाण्याची नव्हतीच. लॅबमध्ये लाल आणि पांढरी सारखी निघतील. कागदावर येईल, औषधाने काही फरक पडत नाही. शेडमधल्या बायांची टरफलं खाडीवर. आणि मी सांगितलं तर? डबा पडवीत कोणी ठेवला? मी. का ते कोणी सांगितलं नाही? मी. बी.एस्सी.वाल्या मुलाकडून हे झालं नसतं, असं मॅडम म्हणणार नाहीत, पण मनात येईलच. आणि आक्काचं नाव घ्यावं लागेल. जिने माझ्या पानाकडे बघितलं, तिचं.

"दीदी, पानी टपक रहा है," तो माणूस म्हणाला.

पेटीच्या कोपऱ्यातून थेंब पडत होते. आणि मला वाट दिसली. बर्फ वितळला म्हणायचं. प्रवासात कवठ्याची पानं खराब झाली, फेकून दिली. त्यात कोणाचाच दोष नाही, ना माझा, ना आक्काचा. मी पेटी उघडली. कवठ्याची पाकिटं हातात घेतली. खरं सांगते, घेतली.

रसवंतीवाल्या मामांनी ते बघितलं आणि बर्फाचा मोठा तुकडा गोणपाटात गुंडाळून, वर लाकडी ठोकळा हाणून, चुरा करून माझ्यासमोर आणला. "पानं आजारी हायत का काय? घ्या, भरा. गाडी येस्तोवर टिकंल."

मी म्हटलं, "किती झाले?"

"बर्फाचं काय घ्यायचं? पाणीच ते."

मी पाकिटं परत ठेवली, बर्फ भरला आणि मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात, आक्काच्या नावासकट. डबा मी पडवीत ठेवला तेही. शेवटी, बर्फ वितळला असं सांगणार होते, तेही. ते सांगायची गरज नव्हती, पण थांबता आलं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती ओळ कशासाठी आहे, हे त्यांना सांगितलं होतंस?"

"राहूला सांगितलं. कवठ्याला नाही."

"का?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि मला नीट येणार नाही असं वाटलं."

"आत्ता मला सांगितलंस तेवढं नीट पुरे होतं." मग कामाचं बोलल्या. "पेटी पाठव. कवठ्याच्या पांढऱ्या चिठ्ठीवर खरं काय ते लिही. राहूची पानं मी हिशेबात धरते. कवठ्याचं तू लपवलं नाहीस, म्हणूनच धरते. औषध पुन्हा पाठवते. दहा दिवस आणखी राहशील?"

मी हो म्हटलं. गाडी आली. चिठ्ठीवर 'पाणी' खोडून 'औषध, चुकीने' असं लिहिलं. अक्षर स्वच्छ नाही आलं.

पुन्हा कवठे येमाई

रागवायचं नाही आणि रडायचं नाही, असं ठरवून मी वस्तीवर गेले. आबा आणि आक्काला प्लॉटवर घेऊन आले आणि बांधावर बसवलं. औषध म्हणजे झाडाला दाखवलेला आमच्या बंदरातला वादळाचा बावटा, असं सांगितलं. आबांना समुद्र माहीत नाही, पण ते लगेच म्हणाले, "म्हंजी बिबट्याची हाळी."

"काय, आबा?"

"उसात बिबट्या दिसला म्हणून कुणी हाळी दिली की वस्त्या दारं लावत्यात, गुरं आत घेत्यात, फटाकं वाजवत्यात. तसंच की. तुझी टरफलं म्हंजी हाळी."

"आणि बिबट्या आलाच नाही तर?"

"तर जागरण फुकट. दुसऱ्या दिशी हातून काम हुत न्हाई."

मॅडमही हेच म्हणाल्या होत्या. उगाच सारखं जागं केलं तर झाडाची ताकद राखणीत जाते आणि वाढ मागे पडते. मला आई आठवली. तिचं म्हणणं तेव्हा नीट कळलं.

"हाळी न दिलेली एक वस्ती ठेवली, तरच हाळीचा उपयोग कळतो," मी म्हटलं. "ती पांढरी ओळ म्हणजे ती वस्ती."

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "म्हंजी माझ्यामुळं तुझं काम बुडालं?"

"माझ्यामुळे, आक्का. मी सांगायला हवं होतं."

"आन् त्या वस्तीला बिबट्यापुढं तसंच सोडायचं? एकीला?"

याचं उत्तर मॅडमनी मला शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. थोडे दिवस."

ती उठून घरात गेली.

खालच्या अंगाला नव्या ओळी धरल्या. पुन्हा लाल, पुन्हा पांढरी. या वेळी डब्याची राखण आक्कानेच केली. रानात कोणी आलं की ओरडायची, "ए, त्या पांढऱ्या फितीला हात लावू नगंस. उपास हाय तिचा." मी लांब असले की मात्र सकाळी त्या ओळीत जाऊन पानं उलटी करून बघायची. आठव्या दिवशी पांढऱ्या ओळीच्या खालच्या पानांवर करप्याचे तपकिरी ठिपके दिसले. लाल ओळींवरही होते, पण तुरळक. मी वहीत लिहून घेतलं. आतून आनंद झाला, लपवत नाही. आक्का शेजारी उभी होती. तिने एक डागाळलेलं पान बोटांत धरलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी आम्ही दोघी शेजारी बसून जेवलो, पण बोललो नाही. परक्या घरात इतकी एकटी मी राहूच्या खोलीतही नव्हते.

निघताना तिने बाजरीच्या भाकऱ्या आणि तिळाची चटणी बांधून दिली. "आईला सांग, इस्पितळात न्हवतीस म्हणावं," म्हणाली. इथेही आईचे तेच फोन यायचे, ते सगळं ऐकत होती तर.

घर

लॅबचा कागद आला. राहूच्या आणि कवठ्याच्या दुसऱ्या वेळच्या, दोन्हीकडच्या लाल पानांत राखणीची प्रथिनं जास्त निघाली. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर सगळं सिद्ध होत नाही, पण या वर्षी काम चालू राहील. शेडमध्ये सांगितलं तर बायांनी सोलता सोलता हुश्श केलं आणि पुढची पाटी ओढली. भाकरी आईने चाखली. म्हणाली, "वायट नाय."

परवा दुपारी हात कोळंबीने भरलेले असताना आक्काचा फोन आला. कोपराने उचलला. मागे इथे लाटांचा आवाज, तिकडे मोटारीचा.

"आगं पोरी, तुझ्या मॅडमची मोजणी झाली का सगळी?"

"झाली, आक्का. चांगली झाली."

"सगळी? आता पानं न्यायची न्हाईत?"

"नाहीत."

"डब्यात तळाला थोडं उरलंय," ती म्हणाली. मग थांबली. आक्काला परवानगी मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. "त्या उपासाच्या ओळीला आता दिलं तर चालंल का?"